काजूच्या टरफलाचं तेल आणि सदलग्याची हळद

माझ्या थोरल्या भावाचं एक ठरलेलं वाक्य आहे. "काय होत न्हाय." विहिरीच्या मोटारीची वायर उघडी पडलीय म्हणा, खोकल्याच्या औषधाची तारीख उलटून गेलीय म्हणा, छातीत जळजळतंय तर डॉक्टरला दाखव म्हणा, उत्तर एकच. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. मी बेळगावात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. म्हणजे कशात काय मिसळलं की काय होतं, एवढंच मला आयुष्यात येतं, आणि नेमका माझ्या नशिबी हा भाऊ आला.

गाव आमचं खानापूरच्या पुढं, जंगलाला लागून. खाली भाताची शेती आणि वर चढावर काजू. काही वर्षांपूर्वी अण्णानं घरामागं पत्र्याची शेड घातली आणि काजू फोडायचं काम सुरू केलं. गावातल्या बायका तिथं बसतात. फोडायला बसण्याआधी त्या हाताला एरंडेल आणि राख चोळतात, कारण टरफलातून तेल उडतं आणि कातडी जळते. हे अण्णा रोज बघतो. आपण बघतो त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र त्याला कधी पडलेला मी पाहिला नाही.

टरफलं गिरणीवाला घेऊन जातो, त्यातलं तेल काढतो आणि अण्णाला त्याचा एक कॅन आणून देतो. तांबूस काळं, काकवीसारखं दाट तेल. ते घरात आलं त्या दिवसापासून आमच्या घरावर संकट कोसळलं असं मी स्पष्टच म्हणते. चौकटीला वाळवी लागली, लाव तेल. गोठ्याच्या वाशांना लाव, खाटेच्या पायांना लाव, खुरप्याच्या मुठीला लाव. एका हिवाळ्यात त्यानं स्वतःच्या टाचांच्या भेगांतही ते भरलं आणि आठवडाभर लंगडला. विचारलं तर म्हणाला, "भेग भरली का न्हाय ते बघ." भेग खरंच भरली होती. याच्याशी वाद घालणं अवघड होतं ते असं. वाळवीही खरंच मरायची.

मी काय कमी सांगितलं? जेवताना सांगितलं, सणाला सांगितलं, फोनवर सांगितलं. काजू, आंबा, बिब्बा ही एकाच कुळातली भावंडं आहेत. कैरीचा चीक ओठाला लागला की फोड येतो, बिब्बा उतला की माणूस सुजतो, तीच जात काजूच्या टरफलात बसलेली असते. अ‍ॅनाकार्डिक आम्ल, कार्डॉल, कार्डानॉल अशी त्यांची नावं. त्यातलं आम्ल तापवलं की बरंचसं बदलून मवाळ होतं, पण कार्डॉल हट्टी. या सगळ्यांना कार्बनची एक लांब शेपटी असते, ती कातडीतल्या स्निग्धात सहज शिरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्याला एकदा याची बाधा झालीय त्याचं अंग लगेच ओरडत नाही. एक-दोन दिवसांनी ओरडतं. तोवर तुम्ही कशाला हात लावला होता ते विसरून गेलेले असता.

हे सगळं ऐकून अण्णा भाकरी मोडत म्हणायचा, "मास्तरीणबाई, कालवण वाढा."

तर अण्णाच्या लेकीचं लग्न ठरलं. माझी एकुलती एक भाची, खानापुरात बँकेत नोकरीला. मुलगा निपाणीच्या बाजूचा, सदलग्याचा. दोघांनी आधीच एकमेकांना पसंत केलं होतं आणि मग दोन्हीकडच्या मोठ्यांना आपणच स्थळ शोधलं असं वाटू दिलं होतं. मुलाचे वडील ऊस लावतात आणि एका तुकड्यात हळद. ती हळद ते स्वतः शिजवतात, वाळवतात, दळून आणतात आणि पाहुण्यांत वाटतात. पहिल्या बैठकीतच त्यांनी खिशातून पुडी काढून आम्हा सगळ्यांना वास घ्यायला लावला. अण्णानं मग त्यांना हाताला धरून घरभर फिरवलं आणि तेल लावलेल्या चौकटी दाखवल्या. दोघं एकमेकांवर बेहद्द खूश झाले. मी आणि वहिनी एकमेकींकडं बघत राहिलो.

आता मुसळाचं सांगते, कारण सगळं तिथं अडलं.

आमच्या घरात लग्नाची दोन मुसळं आहेत. फणसाच्या लाकडाची, जुनी. लग्नाआधी घाणा भरतात तेव्हा ती दोन्ही एकत्र बांधायची, आंब्याचा डहाळा लावायचा, तांबड्या कापडात गुंडाळायची आणि पाच सवाष्णींनी धरून उखळात धान्य कांडायचं. आमच्याकडं नवरीचाही हात लावून घेतात. गल्लीतली सगळी लग्नं याच मुसळांनी लागलीत. वहिनीनं ती माळ्यावरून काढली तर भुंग्यानं पोखरलेली, हात लावावा तिथून पीठ गळत होतं. दुसऱ्या कुणीही शेजारच्या गावातून मुसळ मागून आणलं असतं. अण्णानं कॅन आणला. मुसळांना तेल पाजलं, दोन दिवस उन्हात ठेवली, वाळली म्हणाला, आणि वर कापड गुंडाळून मोकळा झाला. पातळ सुती कापड, वैशाखाचा उकाडा आणि घामेजलेले हात.

मी तिथं असते तर वासावरून ओळखलं असतं. पण माझं पेपर तपासायचं काम संपेना आणि घाणा आटोपला तेव्हा मी अजून बेळगावच्या बसमध्ये होते. घरी पोचले तर मुसळं भिंतीला टेकवून ठेवलेली, वरून फुलं वाहिलेली. भाचीच्या हातावर मेंदी काढायचं चाललं होतं. बेळगावजवळ मच्छे गावी कंपनीत काम करणारी माझी चुलतबहीण घाण्याला आली होती, ती कामाची पाळी बुडू नये म्हणून लगेच परतली होती. सगळं घर आनंदात होतं. मीही होते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी रात्री भाची कानामागं खाजवत होती. डास चावला असेल म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सदलग्याहून गाडी आली. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्याची बहीण आणि चार बायका आल्या होत्या. हळद लागली, गाणी झाली, जेवणं झाली, गाडी परत गेली. दुपारी भाचीचे गाल लाल दिसायला लागले. संध्याकाळी डोळे सुजून बारीक झाले, ओठ जाड झाले, मानेवर पुरळ उठला. दुसऱ्या दिवशी लग्न. पोरगी आरशासमोर बसली आणि रडायला लागली. ते मला बघवलं नाही.

खानापूरच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. कशाची तरी अ‍ॅलर्जी आहे, हळद लावू नका म्हणाला. एवढं वाक्य अण्णाला पुरेसं झालं. दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यानं व्याह्याला फोन लावला. मी हात धरला, त्यानं झिडकारला.

"पावणं, तुमच्या हळदीत काय मिसळलंय?"

 पलीकडून व्याही म्हणाले, "माझ्या रानातली हाय ती. माझ्या पोरालाबी तीच लावलिया."

"मग माझ्या पोरीचं तोंड असं का झालंय?"

फोन ठेवला गेला.

डोक्याला हात लावून बसण्यावाचून काय करणार होते मी? ज्या माणसानं पहिल्या भेटीत खिशातून हळदीची पुडी काढली, त्याला हा भेसळवाला म्हणाला. घरी येईपर्यंत बैठक जमवणाऱ्या मध्यस्थाचा फोन येऊन गेला होता. भाचीनं आपल्या फोनवर मुलाशी बोलून घेतलं. मुलगा म्हणाला, वऱ्हाड येईल, मी येईन, पण बाबा लई दुखावलेत, ते काय यायला तयार न्हाईत. वडिलांना घरी ठेवून लग्न करायचं त्याच्याही जिवावर आलं होतं. "असं लग्न मला नको वाटतंय, आत्ती," भाची म्हणाली. तिचे डोळे इतके सुजले होते की ती माझ्याकडं बघतेय की भिंतीकडं ते कळत नव्हतं.

मी वाटीतली उरलेली हळद घेतली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या गालाला, हाताला फासली. तासभर तशीच बसले. काही झालं नाही. अण्णा म्हणाला, "तुझं कातडं निबर हाय."

माझ्या भावाला तर्क शिकवायला कॉलेज अपुरं पडेल. हळद सकाळी लावली आणि दुपारी तोंड सुजलं, मग हळदीनंच. शेवटी जे झालं ते कारण. अख्खं गाव असाच विचार करत होतं. ओसरीवर बायका जमल्या होत्या, प्रत्येकीकडं एक गोष्ट होती. कुणाच्या मावसबहिणीला असंच झालं होतं, कुणाला नजर वाटत होती. एकीला तर मुलाचं आधीचं प्रकरण असणार आणि त्या पोरीनं हळदीवर काहीतरी केलं असणार अशी खात्री होती. कानामागं खाज हळदीच्या आदल्या रात्रीच सुटली होती, हे मी ओरडून सांगत होते. डास, सगळ्याजणी म्हणाल्या.

तेवढ्यात मच्छेहून चुलतबहिणीचा फोन आला. तिला इथलं काहीच ठाऊक नव्हतं. ती लग्नाला येता येईल की नाही ते सांगायला फोन करत होती.

"आक्का, माझं मनगाट सुजलंय गं. पाण्याचं फोड आल्यात. कंपनीत हात धुतला तर काळं जाईना. मुसळाला काय लावलतं तुम्ही?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. हळदीच्या वेळी ती इथं नव्हती. सदलग्याची हळद तिनं बघितलीसुद्धा नव्हती. मग मी भिंतीला टेकवलेली मुसळं ओढली, कापड सोडलं आणि आतून तो ओळखीचा, उग्र, जळका वास आला. लाकूड काळंभोर, बोट लावलं तर चिकट. कापडाला आतून बाहेर डाग फुटले होते, वर तांबडा रंग आणि फुलं म्हणून कुणाला दिसले नव्हते. भाचीच्या तळहातावरचे डाग मेंदीखाली गेले होते. इतर बायकांचे हात रोजच चुलीनं, शेणानं काळे, त्यांना वेगळं काय कळणार? विचारल्यावर दोघींनी पदराखालून मनगटं काढली. खाजत होतं म्हणे, पण लग्नघरात कशाला सांगायचं.

आणि भाचीलाच इतकं का, तेही मला तिथंच आठवलं. लहानपणी ती कैरी देठाकडून चावायची आणि दर उन्हाळ्यात ओठ सुजवून बसायची. तिच्या अंगाची या कुळाशी जुनी ओळख होती. मुसळ सगळ्यात जास्त वेळ तिनंच धरलं होतं, उकाड्यात दर दोन घावांनंतर हातानं तोंड पुसलं होतं. तळहाताची कातडी जाड, ती वाचली. गालांची पातळ, ती पेटली.

अण्णानं वाकून मुसळं बघितली. मग स्वतःचे दोन्ही तळवे पुढं केले.

"मी तर उघड्या हातानं लावलंय. मला कुठं काय झालंय?"

"तुझ्या हातावर ते तेल बसून बसून चामड्याचा जोडा झालाय, अण्णा. जोड्याला पुरळ येतो का?"

कुणीतरी हसलं. अण्णा हसला नाही. वहिनी, जी लग्न होऊन आल्यापासून त्याच्यापुढं मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती, ती उंबऱ्यातून म्हणाली, "अवो, आता फोन करा."

"फोनवर काय सांगायचं असलं?"

"मघाशी फोनवरच सांगितलंसा की."

तो उठून गोठ्याकडं गेला. मी मागोमाग गेले आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. वाळवी मारायच्या नादात लेकीचं लग्न मारशील, म्हटलं. घरात एक बाई आयुष्यभर हेच शिकवतेय आणि तिला तू कालवण वाढ म्हणतोस. तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "झोपा आता. सकाळी बघू." मला इतका संताप आला की लग्न होईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवून टाकलं. शेवटी मीच मध्यस्थाला फोन केला, सगळं सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही सांगून काय उपयोग? बोलला तो मुलीचा बाप."

खरं होतं ते.

सकाळी भाचीची सूज थोडी उतरली होती, म्हणजे डोळे उघडत होते. वहिनीनं तिला साडी नेसवली. वेशीवर मारुतीच्या देवळापाशी नवऱ्याकडच्यांची वाट बघत आमची माणसं उभी होती. मुलाला आणि त्याच्या वडिलांना तिथं ओवाळून, पाय धुऊन आत आणायचं असतं. ते नवरीच्या बापाचं काम. आणि नवरीचा बाप घरात सापडेना.

वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. मुलगा उतरला. मागच्या गाडीत त्याचे वडील बसलेले दिसले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मुलानं हट्ट धरून आणलं होतं. पण ते उतरेनात. काच वर, नजर समोर. भटजी घड्याळ बघायला लागले. आमची माणसं गाडीभोवती हात जोडून उभी. मध्यस्थ आत वाकून बोलत होते आणि ते मानेनंच नाही म्हणत होते.

मग घराकडून अण्णा आला. नवं धोतर, फेटा, आणि सगळं तोंड पिवळंजर्द. कपाळ, गाल, मान, कान, मिशासुद्धा. उष्ट्या हळदीची ती वाटी, जी टाकून द्या म्हणून त्यानंच ओरडून सांगितलं होतं, ती त्यानं पाण्यात कालवून तोंडाला थापली होती. गावातली पोरं मागनं हसत येत होती. बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. नवरीच्या बापाला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही नजर हटेना.

तो गाडीच्या काचेशी जाऊन उभा राहिला. उन्हात हळद वाळून तडकायला लागली होती. काच हळूहळू खाली आली.

"पावणं," अण्णा म्हणाला, "सकाळपासनं लावलिया. बघा, काय झालंय का?"

व्याह्यांनी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"हळदीत काय न्हवतं," अण्णा म्हणाला. "आमच्या मुसळात होतं."

मुसळात होतं म्हणे. जणू मुसळ स्वतःच्या पायांनी कॅनपर्यंत चालत गेलं होतं. पण माझा भाऊ माफीच्या याहून जवळ कधी गेला नव्हता आणि जाणारही नव्हता, हे मला ठाऊक होतं. व्याही गाडीतून उतरले. अण्णाच्या गालावरची हळद बोटानं पुसून त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावली आणि म्हणाले, "जास्त पातळ कालवलीसा." बँड सुरू झाला. वहिनी पदरात तोंड घालून रडत होती की हसत होती ते मी विचारलं नाही.

अक्षता पडल्या. भाची फोटोत कशी दिसतेय याची कुणी चर्चा करू नये म्हणून मी सगळ्या फोटोत तिच्या शेजारी उभी राहिले, तेही हळदीचा डाग न गेलेल्या गालानं.

जेवणं उरकल्यावर दोन्ही व्याही मांडवात खुर्च्या टाकून बसले. अण्णाची मान अजून पिवळी होती. शेजारी नवरा-नवरी, मी आणि वहिनी. व्याही म्हणाले, "पावणं, ते तुमचं तेल लागू पडतंय खरं. आमच्या हळदीच्या शेडचं वासं वाळवीनं लई खाल्ल्यात. एक कॅन द्या की. लावायला काय भ्या न्हाय न्हवं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णाचं तोंड उघडलं. आता काय येणार ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"काय होत..." तो म्हणाला, आणि त्याची नजर लेकीच्या सुजलेल्या गालावर गेली. थांबला. घसा खाकरला. मग माझ्याकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं, "सांग की गं. कसं लावायचं असतंय ते?"

मी सांगितलं. कच्चं लावायचं नाही, तापवलेलं घ्यायचं. हातमोजे घालायचे. पुरतं वाळेपर्यंत, मग महिना लागू दे, कुणी हात लावायचा नाही. आणि माणसाच्या हातात येणाऱ्या कुठल्याही लाकडाला लावायचं नाही, कधीच नाही. अण्णा सगळं ऐकत बसला, मधे एकदाही कालवण मागितलं नाही. ते बघून भाचीला हसू फुटलं आणि ओठ दुखला म्हणून तिनं लगेच हात तोंडावर धरला.